वाटसरूचे संगीत

गेल्या कार्तिकात आमच्या एका जुन्या स्नेह्याचा मुलगा डिचोलीहून आमच्याकडे पेडण्यास आला. अस्नोडा, कोलवाळ, धारगळ अशी वाट धरून तो आपल्या नव्या मोटरसायकलवरून आला होता. ही मोटरसायकल बाजारहाटाची नव्हे. पुढे वारा अडवणारी रुंद काच, दोन्ही अंगांस सामानाच्या पेट्या, मागे बसणाऱ्यास पाठ टेकण्याची सोय आणि काचेखालच्या आवरणात बसविलेले दोन स्पीकर. अशा गाड्या लांबच्या प्रवासासाठीच घडविलेल्या असतात आणि त्यांचे मालकही लांबच्या प्रवासाचीच स्वप्ने पाहात असतात. हा तरुण आंबोलीच्या घाटाने वर चढून कोल्हापूर, पंढरपूर आणि तेथून पुढे जमेल तितके जाणार होता.

चहा झाल्यावर त्याने मनातील गोष्ट काढली. "काका, गाडीवरचे गाणे ऐकूच येत नाही. ताशी चाळीसपर्यंत ठीक. ऐंशीच्या पुढे नुसता वारा. मोठे स्पीकर आणि वेगळा अँप्लिफायर बसवावा म्हणतो. बाबा म्हणतात, रस्त्याने गाणी वाजवीत जाणे हे सभ्य माणसाचे लक्षण नव्हे. मला तर त्यात काही वाईट दिसत नाही. तुम्हीच सांगा."

'तुझे वडील म्हणतात तेच खरे' हे उत्तर आमच्या ओठांवर आले होते. वय झालेल्या माणसास असली उत्तरे फार लवकर सुचतात. परंतु ते उच्चारण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही. त्याचे कारण आमच्याच एका जुन्या वागणुकीत होते. ते योग्य स्थळी सांगू. त्या दिवशी आम्ही एवढेच म्हणालो, की प्रश्न वाटतो तितका साधा नाही, विचार करून सांगतो. तो विचार वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आधी तक्रारीचे मूळ पाहिले पाहिजे. गाणे ऐकू न येण्यास स्पीकरचा दुबळेपणा हे मुख्य कारण नसते. मुख्य कारण वारा. वेग वाढला की हेल्मेटभोवती वाऱ्याचे भोवरे उठतात आणि ताशी शंभर किलोमीटरच्या सुमारास त्यांचा आवाज कानाशी ९० डेसिबलच्या वर सहज जातो. त्यावर मात करावयाची तर गाणे त्याहून मोठे हवे. येथे डेसिबलचे गणित आडवे येते. अँप्लिफायरची शक्ती दुप्पट केली तर आवाज केवळ तीन डेसिबलने वाढतो. पंचवीस वॅटचे शंभर वॅट केले तरी पदरात पडतात सहाच. आवाज कानास दुप्पट वाटावा यासाठी सुमारे दहा डेसिबल, म्हणजे दसपट शक्ती लागते. ती शक्ती यावयाची कोठून? मोटरसायकलचे विद्युतजनित्र बेताचेच असते. दिवे, इंजिनाची प्रज्वलन-व्यवस्था आणि बॅटरी यांची गरज भागवून जे उरेल त्यावर गाणे चालावयाचे. म्हणून जाणते कारागीर अँप्लिफायरच्या आधी स्पीकर बदलण्यास सांगतात. त्याच शक्तीत तीन डेसिबल अधिक देणारा स्पीकर मिळाला तर शक्ती दुप्पट केल्याचे श्रेय पदरात पडते.

हे झाले चालकाच्या कानापुरते. आता रस्त्याच्या कडेचा हिशेब मांडू. उघड्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे सहा डेसिबलने उतरतो. चालकाच्या कानाशी, म्हणजे स्पीकरपासून मीटरभर अंतरावर, शंभर डेसिबल ठेवले तर दोन मीटरवर चौऱ्याण्णव, चार मीटरवर अठ्ठ्याऐंशी, आठ मीटरवर ब्याऐंशी आणि सोळा मीटरवर शहात्तर उरतात. पेडणे तालुक्यात रस्त्यापासून सोळा मीटरांच्या आत किती घरे आहेत हे येथल्या वाचकास सांगण्याची गरज नाही. केंद्र सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसाची मर्यादा ५५ आणि रात्रीची ४५ डेसिबल आहे. त्या मर्यादा काही काळाच्या सरासरीच्या असतात, क्षणभराच्या नव्हेत, हे खरे. तरी तुलनेसाठी आकडा पुरेसा बोलका आहे. शिवाय गाडी थांबली की वारा थांबतो, पण गाणे थांबत नाही. वेग उतरताच आवाज आपोआप उतरविणारी व्यवस्था महागड्या गाड्यांत असते. ती नसेल तर वाऱ्याशी झुंजण्यासाठी चढविलेला आवाज चहाच्या दुकानापुढे तसाच उभा राहतो.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. यात वाईट ते काय?

प्रथम चांगले काय ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. वाटेवर गाणे ही माणसाची फार जुनी गरज आहे. बैलगाडीवाला गात असे, होडीवाला गात असे, वारकरी तर गातच चालतो. एकट्याच्या प्रवासात गाणे सोबत करते, थकवा उणा करते आणि भोवतालच्या डोंगराला नि पावसाला काही अर्थ आणते. ज्याला हे सुख ठाऊक नाही त्याने त्या तरुणास उपदेश करू नये.

परंतु त्या जुन्या गाण्यास एक मर्यादा जन्मतःच लाभलेली होती. गळा थकत असे. कितीही खड्या आवाजाचा माणूस असो, त्याच्या सुराचा पल्ला त्याच्या छातीच्या बळाएवढाच. गाणाऱ्याला दुसऱ्याचा विचार नसला, तरी त्याचे शरीरच तो विचार करीत असे. यंत्राने ही मर्यादा काढून टाकली. यंत्राचा गळा बसत नाही. जी मर्यादा पूर्वी देह सांभाळीत होता, ती आता मनाने सांभाळावयाची आहे. नीतीचा प्रश्न उत्पन्न होतो तो येथे.

आमच्या न्याय-वैशेषिक दर्शनांनी शब्दाचा विचार फार बारकाईने केला आहे. त्यांच्या मते शब्द हा आकाशाचा गुण होय आणि आकाश एक, अखंड व सर्वव्यापी आहे. पृथ्वीचे तुकडे पडतात; जमिनीला बांध घालता येतो, पाण्याला पाट काढून देता येतो. आकाशाची वाटणी होत नाही. शब्द कानापर्यंत कसा पोचतो याविषयी त्यांनी दोन दृष्टान्त दिले. एक वीचीतरंगन्याय: पाण्यात एका लाटेतून दुसरी लाट उठावी तसा शब्दातून शब्द उपजत जातो. दुसरा कदंबमुकुलन्याय: कदंबाच्या गोल फुलावरील कळ्या जशा एकाच वेळी सर्व दिशांनी उमलतात तसा शब्द चहूंकडे फुटतो. आजचे पदार्थविज्ञान शब्दाला आकाशाचा गुण म्हणणार नाही, ते हवेतील कंपने म्हणेल. परंतु नीतीच्या दृष्टीने जुन्या पंडितांची दोन्ही निरीक्षणे आजही तशीच उभी आहेत. आवाजाला कुंपण नाही, आणि तो एकाच दिशेने पाठविता येत नाही. त्यात भर म्हणजे कानाला पापणी नाही. नको ते दिसले तर डोळे मिटता येतात. नको ते ऐकू आले तर झोपेतसुद्धा कान उघडेच असतात.

म्हणून 'माझी गाडी, माझे गाणे, माझे पैसे' हा युक्तिवाद आवाजास लागू पडत नाही. गाडी त्याची, पैसे त्याचे, गाण्याची निवडही त्याची. ज्या आकाशात ते गाणे फुटते ते मात्र सर्वांचे. इंग्रज तत्त्वज्ञ मिल याने १८५९ साली स्वातंत्र्यावरच्या आपल्या ग्रंथात व्यक्तीच्या स्वातंत्र्याची सीमा दुसऱ्याच्या अपायापाशी आखली. तिच्याआधी आठ वर्षे जर्मन तत्त्वज्ञ शोपेनहौअर याने गोंगाटावर एक संतप्त निबंध लिहिला होता. त्याचा मुख्य राग गावातल्या गाडीवानांच्या चाबकाच्या फटकाऱ्यावर होता. आम्हांस त्यात महत्त्वाचे वाटते ते हे, की हातोड्याचा आवाजही त्यास भयंकर वाटतो, तरी विचारांचा खरा घातक तो चाबकाच्या निष्कारण फटकाऱ्यासच मानतो. चाबकाच्या आवाजाने घोडा मात्र जलद चालत नाही. आवाज किती मोठा याच्याही आधी तो कशासाठी, असा त्याच्या तक्रारीचा रोख आहे.

हा 'कशासाठी' आम्ही थोडा बदलून 'कोणासाठी' असा करू, कारण आपल्या गावात त्याचे उदाहरण रोज दारावरून जाते. पोदेर सकाळी आणि सांजवेळी सायकलवरून पाव घेऊन येतो आणि रबरी भोंगा दाबून पों पों करतो. दोन चाकांवरचा तोही आवाजच आहे आणि तोही दुसऱ्याच्या घरात न विचारता शिरतो. तरी त्यावर रागावलेला माणूस आम्ही पाहिला नाही. मुले त्याची वाट पाहतात. कारण तो आवाज ऐकणाऱ्यासाठी आहे. पोदेर स्वतःच्या करमणुकीसाठी भोंगा वाजवीत नाही. तो जितका हवा तितकाच वाजतो आणि गिऱ्हाईक दारात आले की थांबतो. चवथीतील घुमट-आरतीचेही तसेच. घुमट आणि शामेळ यांचा नाद लहान नव्हे, परंतु ज्यांच्या घरी तो होतो त्यांनीच आरतीकऱ्यांस बोलाविलेले असते. पेडण्याच्या पुनवेला रवळनाथ आणि भूतनाथ यांच्या उत्सवात रात्रभर गर्जना चालते; पण त्या रात्री गावच जागा असतो. ऐकणारे आणि गर्जना करणारे वेगळे काढून दाखविता येत नाहीत.

आमच्या दशावताराची गोष्ट याहून बोधप्रद आहे. माइक गावोगाव पोचण्याच्या आधी देवळापुढच्या मांडावर, दिव्याच्या उजेडात, मृदंग, झांज आणि पायपेटी यांच्या साथीने ही नाटके पहाटेपर्यंत चालत. शेवटच्या रांगेतील म्हाताऱ्यास राजाचे भाषण ऐकू येत असे ते नटाच्या आवाजाबरोबरच श्रोत्यांच्या निःशब्दतेमुळे. ऐकू येण्याचा अर्धा भार ऐकणारे उचलीत. कर्णा आला आणि तो भार एकट्या यंत्रावर पडला; मग मंडपात बोलण्यास कोणाची हरकत उरली नाही, आणि बोलणे वाढले म्हणून कर्णा आणखी चढला. मोटरसायकलवरच्या वाऱ्याची आणि गाण्याची चढाओढ याच जातीची आहे.

येथवर आमचा विचार सरळ चालला होता. परंतु गोमंतकात राहून आवाजाविरुद्ध लिहिणाऱ्याने एक गोष्ट विसरता कामा नये. येथे माणसांना गप्प बसविण्याचाही इतिहास आहे. इन्क्विझिशनच्या १७३६ सालच्या फर्मानाने जुन्या काबिजादींतील लग्नांत गाइल्या जाणाऱ्या ओव्या आणि गावठी वाद्ये यांवर बंदी घातली होती. पेडणे आणि डिचोली हे महाल पोर्तुगिजांकडे अठराव्या शतकाच्या अखेरीस आले, आणि ते घेताना प्रजेचे धर्माचार अबाधित ठेवण्याचे मान्य झाले होते. म्हणून आमच्या देवळांतले चौघडे वाजत राहिले. ज्यांच्या शेजारच्या महालात एकेकाळी ओवी हा गुन्हा होता, त्यांनी 'शांतता' हा शब्द सावधपणे उच्चारावा. सत्तेलाही शांतता फार प्रिय असते.

आणि शांतता सर्वांनाच सुखाची असते असेही नव्हे. आम्ही हे बोललो तेव्हा तो डिचोलीचा तरुण म्हणाला, "काका, आमच्याकडे खनिजाचे ट्रक रात्रंदिवस धडधडत, तेव्हा सगळे त्रासले होते. २०१२ साली खाणी बंद पडल्या, पुन्हा २०१८ साली पडल्या. रस्ते असे शांत झाले की रातकिडे ऐकू येत. पण बाबांना त्या शांततेत झोप लागत नसे. आमचे दोन ट्रक दारात उभे होते आणि हप्ते चालू होते." यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. धूळ आणि गोंगाट यांनी शेते नि छाती दोन्ही बिघडविली हे खरे, आणि त्याच गोंगाटावर चुली पेटत होत्या हेही खरे. तेव्हा आवाज वाईट आणि निःशब्दता चांगली, असा सोपा नियम करता येत नाही.

मग नियम कोणता? त्यासाठी याच परिसरातील एका वेगळ्या आवाजाचे स्मरण करावे लागेल. २५ नोव्हेंबर १९५५ पासून मुक्तीपर्यंत वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी सीमेपलीकडच्या रानांतून गोव्याच्या सोडवणुकीसाठी गुप्त नभोवाणी चालविली. पोर्तुगीज आणि कोंकणी अशा दोन भाषांतून ती बोले. तिचे प्रक्षेपक यंत्र एका ट्रकवर बसविलेले होते. आंबोलीच्या जंगलातून ते पुढे कॅसलरॉककडे गेले. आमच्या तरुण मित्राच्या ज्या घाटातून गाणी वाजवीत जावयाचे मनात होते, त्याच घाटात एकेकाळी चाकांवरचा हा आवाज लपून होता. त्याचा पल्ला कोणत्याही कर्ण्याहून मोठा. तरी तो कोणाच्या घरात बळाने शिरत नव्हता, कारण प्रत्येक ऐकणाऱ्याच्या हाती आपली कळ होती. ज्याला हवे त्याने ती फिरवावी, दारे लावून, आवाज लहान ठेवून, कान यंत्राशी नेऊन ऐकावे. बोलणाऱ्याने दूरवर पोचावे आणि ऐकणाऱ्याने हळू ऐकावे, अशी ती रीत होती.

पुढे १९ डिसेंबर १९६१ रोजी याच दोघांनी विमानातून ध्वनिक्षेपकावरून मुक्तीची वार्ता आकाशातून सांगितली. त्या वेळी ऐकणाऱ्याच्या हाती कळ नव्हती; ज्याला ऐकावयाचे नव्हते त्याच्याही कानांवर ती वार्ता पडली. तरी त्यास कोणी गोंगाट म्हणणार नाही. ती वार्ता ऐकणाऱ्यांचीच होती. पोदेराचा भोंगा आणि विमानातला तो आवाज यांची जात एकच आहे.

आम्हांस वाटते, नियम यातूनच निघतो. ज्या आवाजाची कळ ऐकणाऱ्याच्या हाती आहे, तो कितीही दूर जावो. ज्याची कळ ऐकणाऱ्याच्या हाती नाही, त्याला ऐकणाऱ्याच्या हिताचे कारण हवे, किंवा ऐकणाऱ्याचे आमंत्रण तरी हवे. ही दोन्ही नसतील तर तो आवाज गोड असला तरी उपरा आहे.

कोणी म्हणेल, 'वाटसरू पंधरा सेकंदांत निघून जातो, त्याच्यासाठी एवढे तत्त्वज्ञान कशाला?' परंतु वाटसरूची अडचण नेमकी हीच आहे, की तो निघून जातो. त्याने मागे काय ठेवले ते पाहण्यास तो तेथे नसतो. २०१३ साली वागातोरला देशभरच्या मोटरसायकलस्वारांचा मोठा मेळावा पहिल्यांदा भरला. २०२३ च्या जानेवारीपासून मोपाच्या पठारावर विमाने उतरू लागली. पेडणे तालुक्यातून जाणारे पाहुणे आता थोडे नाहीत. प्रत्येकाचे पंधरा सेकंदच असतात. हरमल-मोरजीच्या वाटेवर राहणाऱ्या घराची मात्र त्यातून अख्खी संध्याकाळ भरते. समुद्रातली कासवे मोरजीच्या वाळूत अंडी घालण्यास रात्रीच्या काळोखात येतात. त्यांना तर तक्रारीचीही भाषा नाही.

आता आमची ती जुनी गोष्ट. आमच्या मुलाच्या मुंजीत आम्ही दारात कर्णे लावले होते. आदल्या संध्याकाळपासून गाणी, पहाटे सनई, मग मंगलाष्टके, दुपारी पुन्हा गाणी. शेजारच्या घरी वृद्ध गृहस्थ आजारी होते हे आम्हांस ठाऊक होते. इतके ठाऊक होते, की जेवणाचे ताट त्यांच्यासाठी आम्ही आधी वेगळे काढून ठेविले होते. त्या घरातून एका शब्दाची तक्रार आली नाही. उलट त्यांच्या सूनबाई पहाटे येऊन पुऱ्या लाटून गेल्या. दुसऱ्या दिवशी आम्ही लाडू घेऊन गेलो आणि आबांना कसे आहे असे विचारले. त्या सहज म्हणाल्या, "माइक बंद जालो आनी मागीर तांकां मातशी न्हीद पडली."

तिच्या बोलण्यात दोष देण्याचा लवलेशही नव्हता. म्हणूनच ते वाक्य आम्ही विसरू शकलो नाही. आबा पुढे महिन्याभराने गेले. त्यास आमचे कर्णे कारण होते असे नव्हे. आजार जुना होता. परंतु त्यांच्या उरलेल्या थोड्या रात्रींतली एक रात्र आम्ही घेतली, आणि ती घेताना आम्हांस वाटत होते की सारा वाडा आमच्या आनंदात सहभागी आहे. शेजाऱ्याचे मौन ही त्याची संमती असते, असे आम्ही धरून चाललो होतो. ते त्याचे सौजन्य असू शकते, हे त्या दिवशी कळले.

कायद्याच्या दृष्टीने आम्ही कदाचित निर्दोषही ठरलो असतो. रात्री दहा ते सकाळी सहा ही वेळ कायद्याने राखलेली आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली ध्वनिप्रदूषणावर दिलेल्या निर्णयात तिचे महत्त्व ठसठशीतपणे सांगितले. वर्षातील ठराविक दिवशी, सण-उत्सवांसाठी, मध्यरात्रीपर्यंत सूट देण्याचा अधिकारही राज्य सरकारास आहे. कायद्याला अशी रेषा कोठेतरी ओढावीच लागते. परंतु भिंतीपलीकडचा माणूस साडेनऊ वाजता झोपू पाहतो आहे की नाही, हे कायद्यास दिसत नाही. शेजाऱ्यास ते दिसते. म्हणून शेजाऱ्याची जबाबदारी कायद्याहून मोठी असते आणि वाटसरूहूनही मोठी असते. परप्रांतीच्या मोटरसायकलस्वारावर रागावणारे आम्ही, आपल्या दारचा कर्णा मात्र परंपरा म्हणून खपवितो. त्या तरुणास चटकन उत्तर देण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही, ते यामुळे.

आठ दिवसांनी तो पुन्हा आला तेव्हा आम्ही त्यास असे सांगितले. सुधारणेच्या दोन वाटा आहेत. एका वाटेने आवाज बाहेर वाढत जातो. १९३० साली अमेरिकेत 'मोटोरोला' या नावाचा मोटारीतला रेडिओ निघाला, तेव्हापासून गाणे चाकांवर फिरते आहे. मोटारीस निदान काचा तरी असतात, मोटरसायकलीस त्याही नाहीत. दुसऱ्या वाटेने आवाज कानाजवळ येतो. १९७९ साली जपानच्या सोनी कंपनीने वॉकमन काढला तो या वाटेने. तुझ्या हेल्मेटात बसणारे लहान स्पीकर त्याच कुळातले. गाणे मीटरभर अंतरावरून वाऱ्याशी झुंजत येण्याऐवजी कानापाशीच उमटले, तर त्यास शंभर वॅट लागत नाहीत आणि कळही ऐकणाऱ्याच्याच हाती राहते.

पण याही वाटेला दोन खबरदाऱ्या आहेत. पहिली स्वतःच्या कानाची. श्रवणरक्षणाचा मान्य हिशेब असा, की ८५ डेसिबल आवाज दिवसातून आठ तास सोसावा. पुढे दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते, आणि शंभर डेसिबलला ती पंधरा मिनिटांवर येते. तेव्हा वाऱ्यावर गाणे चढविण्याआधी वाराच उतरवावा. नीट बसणारे हेल्मेट घ्यावे, काचेची उंची आपल्या अंगाप्रमाणे जुळवून घ्यावी. वारा दहा डेसिबलने उतरला तर अँप्लिफायर दसपट केल्याइतके साधले, तेही बॅटरीवर भार न घालता. दुसरी खबरदारी दुसऱ्यांची. वॉकमन काढणाऱ्यांस भीती वाटली, की एकट्यानेच ऐकत बसणे लोकांस उद्धटपणाचे वाटेल. म्हणून पहिल्या वॉकमनला त्यांनी दोघांनी ऐकण्याची सोय केली आणि कोणी बोलावयास आले तर गाणे मंद करण्यासाठी एक वेगळी कळ ठेवली. ती भीती अगदीच खोटी नव्हती. मागच्या ट्रकचा भोंगा, रुग्णवाहिकेची घंटा, वळणावर गुरे हाकणाऱ्या पोराची हाक यांना हेल्मेटात जागा राहिली पाहिजे. रस्त्याने जाणारा माणूस रस्त्याचे ऐकण्यास बांधलेला आहे.

"मग कोणाला ऐकवावेसे वाटले तर?" त्याने विचारले.

त्याचा प्रश्न आम्हांस आवडला. चांगले गाणे दुसऱ्यास ऐकवावेसे वाटणे हा माणसाचा गुण आहे. तो मारून टाकण्यास आम्ही सांगणार नाही. आम्ही म्हणालो, गाडीवरचे स्पीकर काढू नकोस. मुक्कामाला कोणी विचारील, 'काय ऐकतोस रे?', तेव्हा ते लाव. विचारल्यावर ऐकविलेले गाणे दोघांचे होते.

त्याने हसून मान डोलविली. त्याने शेवटी काय बसविले आणि काय नाही, हे आम्ही विचारलेले नाही. प्रश्न त्याचा होता, उत्तरही त्यानेच चालवून पाहावयाचे आहे. आम्ही आमच्यापुरते एक केले. या वैशाखात घरी सत्यनारायण होता. मुलांनी कर्ण्याचा विषय काढला, तेव्हा आम्ही आधी शेजारी गेलो आणि सूनबाईंस, ज्या आता स्वतःच आजी झाल्या आहेत, विचारले. त्या म्हणाल्या, लावा, पण आमच्या नातीची परीक्षा आहे. कर्णा लागला नाही. आरत्या घुमटावर झाल्या, आणि ती नात अभ्यास टाकून आमच्या ओसरीवर येऊन बसली.